न बोलता शिवलेला सूट

बावीस वर्षांच्या वकिलीत मी मुद्देमाल म्हणून कोयते पाहिले, खोटे शिक्के पाहिले, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपटही पाहिला. पण हँगरला लटकवलेला सूट मी पहिल्यांदाच पाहत होते. राखाडी कापड, त्यावर बारीक पांढऱ्या उभ्या रेघा, आणि बाहीला लाखेचं सील लावलेली चिठ्ठी. सरकारचं म्हणणं असं होतं की हा सूट फारच चांगला शिवला आहे. इतका चांगला, की कोर्टाचा हुकूम मोडल्याशिवाय तो असा शिवून होणं शक्यच नाही.

हा हुकूम कसला, ते समजायला आधी दोन मास्तर समजायला हवेत.

माझे अशील कोटमास्तर. वय बासष्ट, बायको कधीच वारलेली, मान जन्मभर टेबलावर वाकून वाकून पुढे आलेली. ते फक्त कोट शिवायचे. त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा फक्त पँट शिवायचा, म्हणून तो पँटमास्तर. एकच दुकान, एकच लांबलचक टेबल, टेबलाच्या या बाजूला मेहुणा, त्या बाजूला मेहुणा, आणि मधे एकतीस वर्षांचं भांडण. भांडणाचा विषयही एकतीस वर्षं एकच होता. कोटमास्तर कोट लांब बेतायचे आणि बटण खाली लावायचे. पँटमास्तर कंबर उंच घ्यायचा.

"दादा, हा कोट आहे का गाउन? माझी पँट दिसू द्या की कुणाला तरी. बटण जरा वर घ्या."

"तू आधी कंबर खाली घे. छातीपर्यंत पँट आल्यावर माणसानं कोट घालायचा कुठं, डोक्यावर?"

दोघंही एकमेकांचं ऐकायचे नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच सूट झकास व्हायचा. लांब कोट उंच कमरेवर बेमालूम बसायचा. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि हे दोघं पुढच्या गिऱ्हाइकावर भांडायला मोकळे.

एके दिवशी हेच भांडण चालू असताना कोटमास्तरांच्या हातात इस्त्री होती. हातात होतं ते त्यांनी फेकलं. पँटमास्तरांच्या भुवईवर खोक पडली, नऊ टाके घालावे लागले. ट्रायलसाठी उभं असलेलं गिऱ्हाईक एक बाही लागलेल्या कोटातच दुकानातून जे पळालं ते थेट पोलीस स्टेशनात जाऊन थांबलं. पुढे कोर्टात पँटमास्तरांनी डोक्याला पट्टी बांधून शपथेवर सांगितलं की मी आपला आपण टेबलाला धडकलो. पण टेबलाला इस्त्रीच्या टोकाचा आकार नसतो, एवढं कोर्टालाही कळतं.

सहा महिन्यांची शिक्षा झाली. वय पाहून कोर्टानं ती लगेच भोगायला लावली नाही. दीड वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, प्रोबेशनवर, कोटमास्तरांना सोडलं. अटी पाच. त्यातली चौथी अशी की जखमीशी प्रत्यक्ष, फोनवरून, लेखी किंवा तिसऱ्या व्यक्तीमार्फत कोणताही संपर्क साधायचा नाही. अट मोडली तर सहा महिने आत. ही अट घालताना जखमीला कुणी विचारलं नाही. कायदा त्याचं रक्षण करत होता, त्यात त्याचं मत कशाला?

तर दुकान तुटलं. पँटमास्तर दुकानात राहिला आणि कोटमास्तरांनी आपलं मशीन तीन गल्ल्या पलीकडे, घराच्या बाहेरच्या खोलीत नेलं. सगळ्यात हाल झाले बहिणीचे. ती रोज भावाला डबा घेऊन जायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. एकदा माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली, "वकीलबाई, ती तिसरी व्यक्ती म्हणजे मीच ना हो? दादा विचारतो, काय गं, कसं चाललंय? मी म्हणते, माझं बरं चाललंय. घरी हे विचारतात, जाऊन आलीस? मी म्हणते, जाऊन आले. यापुढे बोलायचं का नाही, ते तुम्ही सांगा." मी म्हटलं, यापुढे नको. सल्ला कायद्यानं बरोबर होता. तो देताना माझीच मला लाज वाटली.

आता प्रोबेशन ऑफिसर. वाईट माणूस म्हणावा तर तसंही नाही, आणि त्याचाच तर मला राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा अतिशय सरळ, किडकिडीत, खिशाला दोन पेनं, एक लिहायला आणि एक पहिलं संपलं तर. महिन्याच्या महिन्याला कोटमास्तरांकडे जायचा, वहीत नोंद करायचा. एकदा त्याला दिसलं की मास्तरांकडे काम कमी आहे. नियमित काम असणं ही दुसरी अट. मग यानं काय करावं? स्वतःच्या सूटचं कापड त्यांना नेऊन दिलं! मास्तरांनी कोट शिवला, उरलेलं कापड नीट घडी घालून परत दिलं आणि सांगितलं, पँट मी शिवत नाही, कुठूनही शिवून घ्या.

"कुठूनही" हा निर्णय ऑफिसरच्या बायकोनं घेतला. पँट म्हटलं की त्या भागात एकच नाव. तिनं ते कापड आणि नवऱ्याची मापं पँटमास्तरांकडे टाकली आणि घरी आली. आठ दिवसांनी सूट घालून ऑफिसर आरशासमोर उभा राहिला. कोट पँटवर असा बसला होता, रेघेखाली रेघ अशी उतरली होती, की आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण देखणे आहोत असं वाटलं असावं. पँट कुणी शिवली, त्यानं विचारलं. बायकोनं सांगितलं. दुसरा एखादा माणूस खूश होऊन जेवायला बसला असता. हा रिपोर्ट लिहायला बसला. सूट काढला, घडी घातली आणि पुरावा म्हणून कोर्टात जमा केला.

रिपोर्टातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे: 'सदर सूटचे दोन्ही भाग परस्परांशी इतके जुळतात की ते शिवणाऱ्यांत संपर्क झाल्याखेरीज असे होणे अशक्य वाटते.'

लोकांना वाटतं, यात पुरावा कुठाय? गंमत अशी की माणसाला गुन्हेगार ठरवायला पुरावा लागतो, पण एकदा ठरला की त्याचा बाँड मोडायला न्यायाधीशांची खात्री पटली तरी पुरते. आणि सूट खात्री पटवण्यासारखाच झाला होता.

मी ऑफिसरची उलटतपासणी घेतली.

"उरलेलं कापड पँटमास्तरांकडे कोणी नेलं?"

"माझ्या मिसेसनी."

"म्हणजे तुमच्या अटीतली तिसरी व्यक्ती त्याच."

"त्यांना यातलं काही माहीत नव्हतं."

"त्यांनी कोटमास्तरांचा निरोप नेला होता का?"

"मी विचारलं त्यांना. नाही म्हणाल्या."

"तुमचा विश्वास आहे त्यांच्यावर?"

माणूस इतका प्रामाणिक की विचार करून म्हणाला, "या बाबतीत आहे." कोर्ट हसलं. तो हसला नाही.

"मग संपर्क झाला कसा, ते सांगा."

"ते मला सांगता येणार नाही. पण बाई, तुम्ही सूट बघा ना."

मी कुठूनही प्रश्न फिरवला तरी गाडी तिथेच येऊन थांबायची. सूट बघा. आणि सगळं कोर्ट माना वळवून सूट बघायचं. सरकारी वकिलांनी कापडाच्या आतल्या बाजूला खडूची फुली शोधून काढली आणि हीच ती सांकेतिक भाषा म्हणून सुतावरून स्वर्ग गाठला. पँटमास्तर साक्षीला उभा राहून म्हणाला, "साहेब, कापडाची उलटी बाजू कुठली, त्याची ती खूण. कुणीही टेलर वाचेल." पण त्याच्या भुवईवरचा व्रण आणि त्याचं कोटमास्तरांना 'दादा, दादा' म्हणणं, दोन्ही आमच्या विरुद्धच जात होतं. इतक्या प्रेमानं बोलणारा माणूस तेरा महिने गप्प बसला असेल, असं कुणाला वाटावं?

न्यायाधीश निवृत्तीला आलेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कोटमास्तरांना थेट विचारलं, "अहो, न बोलता हे असं होतं तरी कसं?"

"एकतीस वर्षं झाली साहेब. तो कंबर कुठं घेणार ते मला माहीत. मी बटण कुठं लावणार ते त्याला माहीत. त्यात बोलायचंय काय?"

"म्हणजे आम्ही पुन्हा शिवायला सांगितलं, तरी न बोलता असंच जुळेल?"

मी ताडकन उठले. डोळे मोठे केले, मान हलवली, खोकलेसुद्धा. तुरुंगाच्या दारात उभा असलेला माणूस अशा वेळी 'वकिलांना विचारून सांगतो' म्हणतो. पण यांच्या कामावर शंका घेतली गेली होती. कोटमास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कुणाचा शिवायचाय सांगा. आत्ता मापं घेतो."

मी डोक्याला हात लावला.

न्यायाधीशांनी स्वतःचा शिपाई दिला. या शिपायाचं पोट असं, की त्याची कंबर नेमकी कुठे आहे हा प्रश्न कायद्यानं खुलाच ठेवावा. त्याला मात्र फुकट सूट मिळणार म्हणून ब्रह्मानंद झाला होता. दोन वेगवेगळ्या खोल्यांत दोघांनी त्याची मापं घेतली. कापड ऑफिसरनं आणलं, त्याच दुकानातून, त्याच ताग्यातलं. पुराव्यात खोट राहायला नको म्हणून. दोघांच्या मशीनसमोर एकेक पोलीस बसवला. बहिणीला आठ दिवस लांबच्या मावशीकडे धाडलं. हुकूम सोपा होता: दोन्ही भाग जुळले तर कोटमास्तर सुटले, नाही जुळले तर न बोलता जुळत नाही हे सिद्ध झालं, आणि सहा महिने आत.

चौथ्या दिवशी मी कोटमास्तरांकडे गेले. समोरचा पोलीस खुर्चीत बसून पेंगत होता. टेबलावर कोटाचा पुढचा भाग अंथरलेला. मास्तर खडूनं एक आडवी खूण करत, हातानं पुसत, पुन्हा करत. एरवी त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावं.

"काय झालं मास्तर? हात चालत नाहीये का?"

"हात चालतोय. डोकंपण चालायला लागलंय, तीच पंचाईत आहे." ते खुर्चीत टेकले. "वकीलबाई, त्या दिवशी तो काय म्हणत होता माहितीये? दादा, बटण दीड इंच वर घ्या. एवढंच. आणि मी इस्त्री फेकली. जरा खाली लागली असती तर त्याचा डोळा गेला असता. दीड इंचापायी."

मी त्या पुसलेल्या खडूच्या खुणेकडे पाहिलं.

"लांबच होतो हो माझा कोट. मला कधीपासून माहितीये."

"मग आता?"

"घेतलं बटण वर. कोटपण आखूड केला. बघा." खडूची खूण या वेळी त्यांनी पुसली नाही.

"मास्तर, हे बदलायची वेळ आहे का? जुळायला हवं ना ते!"

"जुळेल की. त्याची कंबर उंच आहे, कोट वर घेतला तर जास्तच शोभेल. तेच तर तो घसा फोडून सांगत होता." मग आवाज खाली आणून, पोलिसाकडे बघत म्हणाले, "तो येईल ना कोर्टात त्या दिवशी? बघेल तो."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. वकील म्हणून मला तिथल्या तिथे विचारायला हवं होतं की हा संपर्क झाला का. बटणातून पाठवलेला निरोप, आणि तो पोचवणार कोण, तर कोर्टाचा शिपाई. मी ठरवलं की मी काही ऐकलेलं नाही. अशिलाचं पुष्कळ काही वकिलाला पोटात ठेवावं लागतं, त्यात हेही ठेवलं.

निकालाच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी खुनाच्या खटल्याला पेंगणारे कारकून कपडे बघायला मात्र झाडून हजर. एका बाकावर कोटमास्तर, पार समोरच्या भिंतीशी पँटमास्तर, आणि बरोबर मधे, मावशीकडून परत आलेली बहीण. तिनं मान ना इकडे वळवली ना तिकडे. जीव टांगणीला लागलेलं माणूस कसं दिसतं, ते तिच्याकडे बघून कळत होतं.

आतल्या खोलीतून शिपाई सूट घालून बाहेर आला.

मग मागून कुणाला तरी हसू फुटलं. कोटाचं बटण छातीच्या खाली जेमतेम होतं. पँट पोटाच्या पार खाली उतरलेली. आणि या दोघांच्या मधे शिपायाचा पांढराशुभ्र शर्ट, पोटासकट, चांगली चार बोटं बाहेर डोकावत होता. रेघा जुळल्या होत्या, टाका कुठे चुकला नव्हता, पण कोट म्हणत होता मी इथं थांबतो आणि पँट म्हणत होती मी खाली सुरू होते. शिपायानं एका हातानं पँट वर ओढली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या मामा, हवा लागते."

सरकारी वकिलांचा चेहरा उजळला. "साहेब, आता आणखी काय पाहिजे? पोलीस समोर बसले, बोलणं बंद झालं आणि जुळणं संपलं. म्हणजे आधीचा सूट जुळला तो बोलल्यामुळेच."

तर्क चोख होता. मी कोटमास्तरांकडे पाहिलं, तर ते बटणाकडे बघतच नव्हते. ते त्या खाली उतरलेल्या कमरेकडे बघत होते, हरवलेली वस्तू भलत्याच घरात दिसावी तसे. आणि समोर भिंतीशी पँटमास्तर तोंड उघडं टाकून बटणाकडे बघत होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला साक्षीला बोलावलं.

"मास्तर, इतकी वर्षं कंबर कुठे घेत होता?"

"उंच."

"ऑफिसरसाहेबांच्या पँटची?"

"उंचच."

"आणि या वेळी?"

"खाली." तो पुटपुटला. "दीड इंच. जरा जास्तच असेल."

"का?"

तो बराच वेळ कठड्यावरचं लाकूड नखानं खरवडत राहिला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "दादांना तशी आवडते, साहेब. एकतीस वर्षं सांगत होते. मी म्हटलं, उद्या ते आत गेले तर... निदान एक पँट त्यांच्या मनासारखी झालेली त्यांना दिसू दे."

बहिणीनं पदर तोंडाला लावला.

मग कोटमास्तर. मी विचारलं, बटण वर का? ते माझ्यावरच खेकसले, "त्याला तसं पाहिजे होतं म्हणून. तुम्हाला सांगितलंय की मी."

"आणि आधीच्या सूटला?"

"आधी दोघंही आपापला हट्ट धरून होतो. जुळणारच."

न्यायाधीश पुढे झुकले. "म्हणजे यांनी कंबर खाली घेतलीय हे तुम्हाला माहीत नव्हतं? आणि तुम्ही बटण वर घेतलंय हे यांना?"

कोटमास्तरांचा तोल गेला. शिपायाच्या पोटाकडे हात करून म्हणाले, "साहेब, आम्ही एक शब्द जरी बोललो असतो ना, तरी हा माणूस असा उघडा पडला असता का?"

मला युक्तिवाद करायची गरजच राहिली नाही. बावीस वर्षांत अशिलानं माझं काम माझ्यापेक्षा चांगलं केल्याचा तो एकच प्रसंग. मी फक्त उठून म्हणाले, "साहेब, कृपया सूट बघा," आणि खाली बसले. प्रोबेशन ऑफिसरनं सूट बघितला, बराच वेळ बघितला, आणि स्वतःहून उठून सांगितलं की माझ्या रिपोर्टातलं 'अशक्य' हे मत मी मागे घेतो. म्हटलं ना, माणूस सरळ.

न्यायाधीशांनी तिथेच निकाल लिहायला घेतला. अटीचा भंग झाल्याचं सिद्ध होत नाही. आरोपीनं अट काटेकोरपणे पाळल्याचं कोर्टाला समाधान आहे. सबब बाँड सर्व अटींसह पूर्वीप्रमाणे चालू राहील.

"सर्व अटींसह?" मी विचारलं. "साहेब, निदान आता ती चौथी—"

"त्यासाठी वेगळा अर्ज करा बाई. जखमीची लेखी संमती जोडा. ती मात्र आरोपीनं मिळवायची."

"आरोपीनं जखमीशी संपर्क न साधता?"

"अर्थात," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं. त्यांनी कारकुनाला जवळची तारीख विचारली. कारकुनानं वही उलटून सहा महिन्यांनंतरची तारीख काढली. बाँड संपायला पाच महिने उरले होते.

मी कोटमास्तरांना घेऊन निघाले. सुटका झाली होती, तुरुंग टळला होता, मी मनातल्या मनात खूशही होते. दाराकडे जाताना शिपाई आडवा आला. मास्तर थांबले. वाकून त्यांनी ती पँटची कंबर दोन बोटांत धरली, उलटून आतली शिलाई बघितली. मग एकदम सरळ झाले, आणि मी दंड धरायच्या आत समोरच्या भिंतीकडे वळून भर कोर्टात ओरडले:

"अरे गाढवा, माझं कशाला ऐकलंस रे?"

न्यायाधीश उठून चेंबरकडे निघालेच होते. ते दारात थबकले आणि एका फायलीची नाडी सोडवायला लागले. ती नाडी बांधलेलीच नव्हती.

प्रोबेशन ऑफिसरनं वही काढली. मला त्याचा गळा आवळावासा वाटला.

"काय म्हणाले ते? आणि कुणाला?"

"मला म्हणाले साहेब," शिपाई पटकन बोलला. "गाढव मलाच म्हणाले."

ऑफिसरनं ते लिहून घेतलं. पण तेवढ्यावर भागवणारा तो नव्हे. तो कोर्ट ओलांडून भिंतीपाशी गेला. पँटमास्तर तिथे दोन्ही हात लोंबते सोडून उभा होता. तेरा महिन्यांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो हा.

"तुम्ही जखमी आहात," ऑफिसर समजावणीच्या सुरात म्हणाला. "घाबरायचं कारण नाही. मला फक्त खरं ते सांगा. हे आत्ता तुमच्याशी काही बोलले का?"

पँटमास्तराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते भुवईच्या व्रणाखालून गालावर येत होतं आणि तो पुसत नव्हता. त्यानं मेहुण्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "दादा माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलले नाहीत."

ऑफिसरनं ते शब्दशः लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. पँटमास्तर हो म्हणाला. मग ऑफिसरनं खाली वेळ घातली आणि दुसरं पेन सहीसाठी पुढे केलं. कोटमास्तर माझ्या शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. मी त्यांचा दंड धरला होता, आणि सही होईपर्यंत तो सोडला नाही.